रोज कॉलेजला येणारी मुलगी

आमच्या बायॉलॉजी लॅबमध्ये फॉर्मलीनच्या बरण्यांत एक तारामासा आहे, दोन साप आहेत आणि एक असा प्राणी आहे, ज्याचं लेबल गळून पडल्यापासून तो काय आहे हे कुणीच खात्रीनं सांगत नाही. हे सगळं टिकवायचं तर फॉर्मलीन बदलत राहावं लागतं. किस्स्यांना तेवढेही लाड लागत नाहीत. ते कशातही न बुडवता टिकतात, आणि दर वर्षी थोडे फुगतात!

मी फारशी बोलत नाही. सासरी याला ‘शांत आहे हो आमची सून’ म्हणतात, माहेरी ‘घुमी’ म्हणायचे. फायदा एकच, माझ्यासमोर लोक बिनधास्त बोलतात. या ज्युनियर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर बायॉलॉजी शिकवते, म्हणजे जितके तास घेतले तितकाच पगार. त्याला सव्वा वर्ष झालं. लग्नाला आठ महिने. दोन्हीकडे अजून प्रोबेशन चालू आहे असं धरून मी गप्प बसून ऐकत असते.

कॉलेज कात्रजच्या अलीकडे आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तरी ‘हे कुठे आलं?’ असंच विचाराल. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मवर दहा कॉलेजं लिहायची असतात, आणि डॉक्टर व्हायला निघालेली मुलं आम्हाला नववं नाहीतर दहावं लिहितात. आठव्या नंबरवर लिहिणारा एक मुलगा गेल्या वर्षी भेटला, तर करंदीकर मॅडमनी त्याला बसायला खुर्ची दिली!

करंदीकर मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. विभागात त्या, मी आणि लॅबचे गायकवाड मामा, एवढेच तिघं.

*

पहिल्याच दिवशी मी बारावीच्या वर्गावर गेले. पटावर ऐंशी नावं, बेंचवर नऊ मुलं. मला वाटलं संप आहे. मी परत लॅबमध्ये येऊन मामांना विचारलं.

“संप कसला मॅडम? बाकीची क्लासला असतात,” मामा म्हणाले. “आपलं कॉलेज इंटिग्रेटेड आहे ना!”

म्हणजे काय, ते त्यांनी टेस्टट्यूब धुता धुता समजावून सांगितलं. एका नीटच्या क्लासशी कॉलेजचं टाय-अप आहे. मुलांचं नाव आपल्याकडे, हजेरी आपल्याकडे, बोर्डाचा फॉर्म आपल्याकडे. फक्त मूल तिकडे.

“मग ही नऊ इथे कशी?”

“आठ जणांना क्लास परवडत नाही.”

“आणि नववी?”

“ती पहिल्या बेंचवरची? ती माझी,” मामा म्हणाले. “तिला कॉलेज आवडतं.”

दुसऱ्या वाक्याला आवाज जरा खाली आला. घरातला आजार सांगताना येतो तसा.

*

मामांच्या मुलीचं नाव संघमित्रा. सगळे मित्रा म्हणतात. तिला एमबीबीएस करायचं होतं, आणि तेही सरकारी कॉलेजातूनच, कारण खासगीची फी ऐकून मामा एकदा स्टुलावर बसले होते ते चहा येईपर्यंत उठले नाहीत. ड्रॉप घेऊन वर्षभर पुन्हा नीटची तयारी करणं हेही तिनं आधीच बाद केलं होतं. नीट एकदाच द्यायची, सीट मिळाली तर मिळाली, नाहीतर पुण्यातच बीएस्सी. सगळं त्या एका मे महिन्यावर.

त्यामुळे अख्खा स्टाफ मामांना सल्ले द्यायचा. कॉमर्सचे सर म्हणायचे, “अहो, कॉलेज बदला तिचं. या कॉलेजातून आजवर कोण डॉक्टर झालंय?”

मामांनी विचार केला. “एक झालाय.”

“कोण?”

“होमिओपॅथी.”

कॉमर्सच्या सरांनी चहाचा कप उचलला.

मित्राचा हिशेब मात्र साधा होता. बिबवेवाडीतल्या घरापासून कॉलेज वीस मिनिटं चालत, मोठा क्लास जाऊन-येऊन अडीच तास. “मॅडम, तेवढ्यात माझा एक चॅप्टर होतो,” ती मला म्हणाली. आणि खरंच, रिकाम्या लॅबमध्ये मागच्या टेबलाशी बसून तिचा चॅप्टर व्हायचा.

एकदा फॉर्मवर सही करायला आलेल्या एका आईंनी तिला तिथे पाहिलं. त्यांची मुलगी अर्थातच क्लासला होती.

“ही कोण?”

“बारावीची आहे. रोज येते,” मी म्हणाले.

आई हादरल्याच. “रोज कॉलेजला येते? मग अभ्यास कधी करते?”

*

जूनमध्ये कॉलेजात पालकांची रांग लागते. एक गृहस्थ शनिवार पेठेतून लॅपटॉप घेऊन आले. त्यात शहरातल्या यच्चयावत ज्युनियर कॉलेजांचा तक्ता: कटऑफ, अंतर, लॅबची संख्या, कुठून किती मुलं मेडिकलला गेली. मुलगी शेजारी बसून मोबाईलवर रील बघत होती.

“मॅडम,” ते म्हणाले, “मी चार महिने अभ्यास केलाय. मला एकच सांगा. मेडिकलच्या ॲडमिशनला बारावीच्या कॉलेजचं नाव बघतात का?”

“नाही. नीटचे मार्क बघतात,” करंदीकर मॅडम म्हणाल्या. “बारावीला ठरवून दिलेले किमान मार्क मिळाले की बास.”

“म्हणजे कॉलेजनं काहीच फरक पडत नाही?”

“पडतो ना.”

“कशाचा?”

“पार्किंगचा.”

त्यांनी खरोखर एक नवा कॉलम उघडला!

*

मग येतात प्रॅक्टिकल्स. जानेवारीत क्लासची मुलं कॉलेजात अवतरतात. इमारत पहिल्यांदाच पाहत असल्यामुळे मोबाईलवर नकाशा लावून येतात. एकीनं लॅबच्या मधोमध उभं राहून मला विचारलं, “एक्स्क्यूज मी, बायो लॅब कुठंय?”

मी म्हणाले, “आलीस.”

पण ही मुलं हुशार असतात, ते नाकारता येत नाही. सरावाच्या दिवशी मायक्रोस्कोपपाशी एक मुलगी आली. डोळा लावला आणि कांद्याच्या मुळातली पेशी घडाघडा वर्णन करून सांगितली: मेटाफेज, गुणसूत्रं मधोमध एका रेषेत, दोन्ही बाजूंना स्पिंडलचे धागे. एकही शब्द चुकला नाही. मी टिकमार्क करणार, एवढ्यात शेजारी उभे असलेले मामा अदबीनं म्हणाले,

“ताई, स्लाइड अजून माझ्या हातात आहे.”

*

त्याच दिवशीची तोंडी परीक्षा. करंदीकर मॅडमनी एका मुलासमोर बरणी ठेवली. लेबल गळालेली नव्हे, चांगली लेबल झाकलेली.

“हे काय आहे?”

मुलानं बरणी फिरवून पाहिली. मग अत्यंत नम्रपणे म्हणाला, “मॅम, ऑप्शन्स?”

मॅडमनी चष्मा काढला. “ए, मला येत नाही. बी, मला अजिबात येत नाही. सी, वरील दोन्ही. डी, क्लासला विचारून सांगतो.”

मी वहीत डोकं घातलं. मुलगा मात्र मनापासून विचार करत होता.

“सी,” तो म्हणाला. “कारण बी बरोबर असेल तर ए आपोआप बरोबर होतं.”

मॅडमनी त्याला एक मार्क दिला. “तर्कशुद्ध आहे हो,” नंतर मला म्हणाल्या. “डॉक्टर होईल. फक्त पेशंटला चार ऑप्शन्स घेऊन यावं लागेल.”

*

जर्नलची गोष्ट वेगळी. प्रॅक्टिकल परीक्षेआधी वर्षभराच्या प्रयोगांची वही पूर्ण लागते, आणि क्लासच्या मुलांनी प्रयोग केलेलेच नसतात. मग जर्नलं आया लिहितात. एका बाईंनी आणून दिलेलं जर्नल इतकं देखणं होतं, की आकृत्यांना बोट लावायची भीती वाटावी.

“मुलीनं काढल्यात आकृत्या?” मॅडमनी विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्याच क्षणी, “ती किडनीची जरा बिघडलीय. गॅसवर दूध होतं.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या बाईंना किडनीबद्दल एक प्रश्न विचारला. बाईंनी उत्तर दिलं. मग दुसरा. मग हृदयाचा. बाई उभ्या उभ्या उत्तरं देत गेल्या, पर्स खांद्यावरून घसरली तरी लक्ष नव्हतं. मॅडम शेवटी म्हणाल्या, “तुम्हीच का नाही देत नीट? वयाची अट काढून टाकलीय आता.”

“काहीतरीच काय मॅडम!” बाई मोठ्यानं हसल्या. जर्नलवर सही घेतली, आभार मानले, दारापर्यंत गेल्या.

मग वळून माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “अट खरंच काढलीय का हो?”

*

प्रत्यक्ष परीक्षेला बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक येतात. त्यांना आम्ही ‘एक्स्टर्नल’ म्हणतो आणि नाश्त्याला कांदेपोहे देतो. यंदाचे एक्स्टर्नल पोहे संपवून जर्नलांचा गठ्ठा चाळायला बसले. सगळं छान चाललं होतं. मग एका वहीपाशी थांबले.

“ही कोणाची? संघमित्रा गायकवाड?”

मित्रा उभी राहिली. मामा कपाटाजवळ होते. बारावीचे मार्कही किमान हवेतच, आणि पहिल्याच अडथळ्याला परीक्षक तिचंच नाव घेत होते.

“स्टार्चच्या प्रयोगात तू लिहिलंयस, ‘निळा रंग आला नाही. आयोडीन जुने असावे.’ हे काय? बाकी एकूण एक मुलांना निळा रंग आलाय. तुलाच कसा नाही आला?”

मित्रानं तोंड उघडलं, पण करंदीकर मॅडम आधी बोलल्या.

“कारण प्रयोग हिनंच केलाय.”

एक्स्टर्नलनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं, आणि सावकाश पान उलटलं. तेवढ्यात कपाटाजवळून मामांचा आवाज आला.

“नवीन आयोडीनसाठी मी तीन अर्ज दिलेत सर. प्रती आहेत. दाखवू?”

*

मे महिन्यात नीट झाली, जूनमध्ये निकाल आला. मित्राला मार्क चांगले पडले, पण ‘चांगले’ आणि ‘पुरेसे’ यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर ती उभी होती. राज्याच्या यादीत सरकारी सीट मिळेलही, निसटेलही. कॉमर्सच्या सरांनी लगेच सांगितलं, “मोठ्या कॉलेजात असती तर वीस मार्क कुठे गेले नसते.” मामा रोज लॅबमध्ये येऊन त्याच टेस्टट्यूब पुन्हा धुवायचे. मॅडमनी एकदाही त्यांना थांबवलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतले एक काका पेढे घेऊन घरी आले. ‘सूनबाई कॉलेजात आहे’ ही बातमी माझ्या सासूबाईंनी बिल्डिंगभर पोहोचवली असल्यामुळे असे लोक येतात. काकांचा मुलगा दोन वर्षं राजस्थानात तयारीला होता. मार्क मित्रापेक्षा पुष्कळ जास्त.

“हुशारी करून बारावीही तिथूनच केली,” काका खुशीत म्हणाले. “इकडच्या बोर्डाची कटकटच नको! आता फक्त सांगा, पुण्यातल्या सरकारी कॉलेजला पहिलं प्राधान्य द्यायचं ना?”

मी नेहमीसारखी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण सासूबाई कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या.

“काका, राज्याच्या कोट्यातून सीट हवी तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात.”

“अगं, आम्ही पुण्याचेच! सात पिढ्या पेठेत गेल्या!”

“सात पिढ्या विचारत नाहीत काका. अकरावी-बारावीची दोन वर्षं विचारतात.”

काका बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. केंद्राच्या कोट्यातून अजूनही बघता येईल, हे मी सांगितलं, पण ते त्यांना ऐकू गेलं असं वाटलं नाही. ते गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि बॉक्स ओट्यावर ठेवून दबक्या आवाजात म्हणाल्या,

“अनघा, मग हे पेढे परत द्यायचे का गं?”

*

पहिल्या फेरीत मित्राचं नाव नव्हतं.

दुसऱ्या फेरीची यादी लागली तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर होते. परत आले तर मामा स्टुलावर बसलेले, मॅडम खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या, आणि मित्रा मागच्या टेबलाशी मोबाईल उलटा ठेवून बसलेली. मला वाटलं, गेलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“मिळालं,” मित्रा म्हणाली. “मराठवाड्यात. सरकारी.”

“मग सगळे असे का बसलात?”

“काही नाही,” मॅडम खिडकीतूनच म्हणाल्या. “कॉमर्सच्या सरांना कोण सांगणार, ते ठरत नाहीये.”

शेवटी मामांनी सांगितलं. सर म्हणाले, “बघा! मी म्हणतच होतो, कॉलेजनं काही फरक पडत नाही!”

*

चार दिवसांनी शहरातल्या एका मोठ्या क्लासचा माणूस लॅबमध्ये आला. टाय-अपवाला क्लास तो हा नव्हे, त्याहून मोठा. टाय, टॅब, गळ्यात ओळखपत्र. मित्रा सामान बांधायला घरी होती. मामा बरण्या पुसत होते.

“अभिनंदन काका! लेक डॉक्टर होणार! आमच्या फ्लेक्सवर ताईंचा फोटो लावायचाय. हॉस्टेलचं सगळं सामान आणि लॅपटॉप आमच्यातर्फे. फक्त एक फोटो आणि इथे एक सही, की त्या आमच्या विद्यार्थिनी होत्या.”

“पण ती नव्हती,” मामा म्हणाले.

“फिजिकली नसतील काका.”

मॅडमनी पेपर तपासायचं थांबवून पेन खाली ठेवलं. मी मान वर केली नाही, पण माझंही लाल पेन एकाच ओळीवर थांबलं होतं. लॅपटॉपची गरज होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मामांनी हातातली बरणी जागेवर ठेवली. “तुमच्याकडे हजेरी घेतात का?”

“घेतात ना! एकदम कडक.”

“मग तिची हजेरी आणा. माझा जन्म मस्टर इकडून तिकडे नेण्यात गेला. कागद पाहिल्याशिवाय मला काही समजत नाही.”

माणूस हसला, हात मिळवून गेला. “सुटलो,” मॅडम म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. फाईल घेऊन! दोन वर्षांची छापील हजेरी, महिन्यावार, ‘गायकवाड संघमित्रा’ या नावापुढे ओळीनं ‘पी’, ‘पी’, ‘पी’. क्लासचा शिक्काही होता.

मामांनी टेबल पुसलं, हात पुसले, चष्मा लावला आणि बसले. पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माणूस आधी उभा होता, मग स्टुलावर बसला. मॅडम एकाच पेपरचं तेच पान तिसऱ्यांदा तपासत होत्या.

शेवटी मामांनी मान वर केली.

“चौदा एप्रिलला प्रेझेंट दाखवलीय,” ते म्हणाले. “दोन्ही वर्षं.”

“एप्रिलमध्ये नीट जवळ असते ना काका. सुट्टीच्या दिवशीही आमच्या बॅच असतात.”

“तुमच्या असतील. माझी मुलगी त्या दिवशी नसते.”

माणसानं एक क्षणही घेतला नाही. खिशातून पेन काढलं, फाईल स्वतःकडे ओढली, दोन्ही वर्षांच्या चौदा एप्रिलला ‘पी’ खोडून ‘ए’ केलं, शेजारी सहीसुद्धा केली.

“झालं काका. आता फोटो?”

मामांनी मोबाईल काढला. बराच वेळ शोधलं. मग स्क्रीन त्याच्यासमोर धरली. पांढऱ्या साडीत मित्रा, शेजारी पांढऱ्या सदऱ्यात मामा, आणि मागे मावणार नाही एवढी गर्दी.

“हा एकच बरा आलाय,” मामा म्हणाले. “पण तो चौदा एप्रिलचा आहे.”